पगाराच्या ३५ टक्क्यांत घर: लीड्सच्या लायलॅक सहनिवासाच्या आर्थिक मॉडेलचं परीक्षण

सहनिवास, म्हणजे प्रत्येकाचं घर वेगळं पण काही जागा आणि कामं सामायिक अशी वस्ती. अशा प्रकल्पांची माहितीपत्रकं चाळली की 'सर्व उत्पन्नगटांचं स्वागत' हे वाक्य हमखास सापडतं. स्वागत असतंही, फक्त दारात डिपॉझिटचा आकडा उभा असतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या पश्चिमेला, ब्रॅम्ली भागात, लायलॅक हा वीस घरांचा प्रकल्प आहे. लोक तिथे २०१३ मध्ये राहायला आले. या प्रकल्पाने ही गोष्ट सदिच्छेवर सोडली नाही, नियमात घातली: घर एका बेडरूमचं असो की चार, कुटुंबाने निव्वळ उत्पन्नाचे ३५ टक्के भरायचे. तिथल्या पेंढ्याच्या भिंतींवर आणि सौर पॅनलवर भरपूर लिहून झालं आहे. इथे परीक्षण आहे ते फक्त पैशाच्या मॉडेलचं.

निकाल आधीच सांगून टाकू. मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हे मॉडेल उत्तम आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा असा की त्याची मर्यादा लपत नाही. खरोखर कमी उत्पन्न असलेल्यांना मात्र ते एकट्याच्या बळावर सामावून घेऊ शकत नाही. त्यासाठी त्याला भाड्याच्या घरांची, राखीव निधीची किंवा स्वस्त जमिनीची जोड द्यावी लागते. ही जोड न देता नुसते '३५ टक्के' उचलणारा गट तीन-चार वर्षांत अडचणीत येईल.

घर सोसायटीचं, शेअर सभासदाचे

मॉडेलचं नाव म्युच्युअल होम ओनरशिप सोसायटी. कल्पना लायलॅकची नव्हे; सीडीएस को-ऑपरेटिव्हज आणि न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या ब्रिटिश संस्थांनी ती आधी मांडली होती. ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा प्रत्यक्षात उतरवली लायलॅकने.

जमीन, वीसही घरं आणि मधलं सामायिक घर सोसायटीच्या मालकीचं. कर्ज सोसायटीच्याच नावावर. ते ट्रायोडोस बँकेने दिलं. सभासदाच्या हातात दोन कागद येतात: घरात राहण्याचा भाडेपट्टा आणि सोसायटीतल्या भांडवली शेअरचा हिशेब. प्रवेशाच्या वेळी त्याने आपल्या वाट्याच्या शेअरच्या १० टक्के रक्कम डिपॉझिट म्हणून भरायची आणि मग दरमहा उत्पन्नाचे ३५ टक्के. त्यातून विमा, देखभाल वगैरेंसाठी कपात होते आणि उरलेल्या रकमेतून शेअर साठत जातात. जास्त कमावणाऱ्याचे शेअर भराभर साठतात, कमी कमावणाऱ्याचे हळूहळू. उत्पन्न वाढलं तर जास्त शेअर घेता येतात, घटलं तर कमी.

यातली खुबी अशी की वैयक्तिक गृहकर्ज लागतच नाही. कंत्राटी नोकरी करणारा किंवा वय जास्त असल्यामुळे बँकेने परत पाठवलेला माणूसही आत येऊ शकतो, कारण बँक त्याची नाही, सोसायटीची पत बघते. खरेदी-विक्रीच्या प्रत्येक वेळी होणारा नोंदणी आणि वकिलांचा खर्चही वाचतो. घर विकलं जात नाही, फक्त शेअर हात बदलतात.

एक गोष्ट बहुतेक वर्णनांत निसटते. लायलॅकला जमीन सवलतीत मिळालेली नाही. शाळेची ती जुनी जागा लीड्स नगर परिषदेकडून बाजारभावानेच घेतली गेली. होम्स अँड कम्युनिटीज एजन्सी या सरकारी संस्थेचं सुमारे ४,२०,००० पौंडांचं अनुदान मिळालं, तेही कमी कार्बनच्या बांधकामाचा नवा प्रयोग म्हणून. म्हणजे परवडण्याचा बहुतेक भार सभासदांच्या एकत्रित उत्पन्नावरच आहे.

आडात किती आहे?

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा या मॉडेलचा मूळ प्रश्न. समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ. हे लायलॅकचे आकडे नव्हेत. तीन घरं आहेत आणि त्या तिघांसाठी सोसायटीला दरमहा २,५५० पौंड लागतात: कर्जाचा हप्ता १,९००, बाकी विमा, देखभाल आणि राखीव निधी. तीन कुटुंबांचं निव्वळ मासिक उत्पन्न १,६००, २,४०० आणि ३,६०० पौंड. ३५ टक्क्यांनी अनुक्रमे ५६०, ८४० आणि १,२६० जमा होतात. एकूण २,६६०. खर्च भागून ११० शिल्लक, सगळे खूश.

आता ३,६०० वालं कुटुंब बदली होऊन गेलं आणि त्याच्या जागी २,२०० कमावणारं कुटुंब आलं. त्यांचे ३५ टक्के होतात ७७०. एकूण जमा २,१७०, म्हणजे दरमहा ३८० ची तूट. कुणाचा हप्ता थकलेला नाही, कुणी नियम मोडलेला नाही, तरी सोसायटी तोट्यात.

म्हणून प्रत्येक आकाराच्या घरासाठी किमान उत्पन्नाची अट घालावी लागते, आणि लायलॅकनेही ती घातली आहे. वरच्या उदाहरणात एका घराचा सरासरी खर्च ८५०, त्याला ०.३५ ने भागलं की साधारण २,४३० येतात. साऱ्या सभासदांच्या उत्पन्नाची सरासरी याच्या वर राहिली पाहिजे. १,६०० वालं कुटुंब आत राहू शकतं ते ३,६०० वालं आहे तोवरच. याचा सरळ अर्थ असा की घर रिकामं झालं की प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला ते देता येत नाही. 'कोणाचं उत्पन्न या फटीत बसतं' हे बघावं लागतं. नवा सभासद निवडणाऱ्या समितीला हे काम फार अवघड जातं, कारण नाव मागे ठेवण्याचं खरं कारण एक असतं आणि इच्छुकाला कळवलं दुसरंच जातं. उत्पन्नाची अट आणि त्या क्षणाची सरासरी इच्छुकांना पहिल्याच भेटीत लेखी द्यावी. पुढचा मनस्ताप वाचतो.

व्याजदर ही दुसरी बाजू. १,९०० चा हप्ता दहा टक्क्यांनी वाढला तर १९० ची भर पडते आणि वरची ११० ची शिल्लक ८० च्या तुटीत जाते. सभासदांचा वाटा उत्पन्नाला बांधलेला, बँकेचा हप्ता व्याजदराला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. बदलत्या दराच्या कर्जावर हे मॉडेल चालवणं धाडसाचं आहे. शक्य तितक्या लांब मुदतीचा स्थिर दर घ्यावा. तो मिळत नसेल तर दर दोन टक्क्यांनी चढल्यावर ताळेबंद कसा दिसेल हे आधी कागदावर मांडावं. कर्जाच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम राखीव असल्याशिवाय कमी उत्पन्नाच्या सभासदांची संख्या वाढवू नये.

काळ मात्र या मॉडेलच्या बाजूने आहे. दर स्थिर असेल तर हप्ता तोच राहतो आणि पगार हळूहळू वाढतात. सुरुवातीची पाच-सात वर्षं निभावली की शिल्लक वाढू लागते आणि तेव्हा किमान उत्पन्नाची अट खाली आणता येते. पण तसं पोटनियमात आधीच लिहिलेलं हवं. नाही तर शिल्लक दिसताच 'टक्का ३५ वरून ३० करा' अशी मागणी येते, आणि टक्का कमी झाल्याचा फायदा सर्वांत जास्त कमावणाऱ्याला सर्वांत जास्त होतो. वरच्याच उदाहरणात ३,६०० वाल्याचे १८० वाचतील, १,६०० वाल्याचे ८०.

'निव्वळ' म्हणजे नेमकं काय

ग्यानबाची मेख इथे आहे. ३५ टक्के कशाचे, हे दोन ओळींत लिहिलेले पोटनियम हमखास भांडणाला कारण होतात.

नोकरदाराचं सोपं असतं: कर आणि सक्तीच्या कपाती वजा करून हातात येणारी रक्कम. पण स्वेच्छेने पेन्शनमध्ये जास्त पैसे टाकले की हातात कमी येतं आणि सोसायटीचा हप्ताही घटतो. चांगला पगार असलेल्यांसाठी ही कायदेशीर पळवाट ठरते. तिला मर्यादा घालावी, म्हणजे सक्तीच्या वर्गणीइतकीच वजावट धरावी. स्वयंरोजगार असेल तर एका वर्षाचा आकडा घेऊ नये, तीन वर्षांची सरासरी घ्यावी. मुलांच्या पाळणाघराचा खर्च वजा करायचा की नाही, यावर गटांत तीव्र मतभेद असतात. आमच्या मते करावा, कारण लहान मुलं असलेल्या कुटुंबांना ३५ टक्के सर्वांत जास्त जाचतात, आणि ती कुटुंबं गेली तर सहनिवासाचा अर्थच पातळ होतो. जोडीदार नंतर राहायला आला तर त्याचं उत्पन्न कोणत्या महिन्यापासून धरायचं, कमावती झालेली मुलं घरातच राहिली तर काय, याचीही उत्तरं आधी लिहून ठेवावीत.

उत्पन्न खाली सरकणाऱ्यांसाठी मुदत लागते. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता शून्यावर आणता येत नाही आणि सहा महिने जुनाच ठेवणंही क्रूर आहे. कळवल्यानंतरच्या पुढच्या महिन्यापासून नवा हप्ता आणि सोसायटीची तूट राखीव निधीतून, हा तोडगा ठीक चालतो. त्या काळात शेअर साठत नाहीत हे सभासदाला स्पष्ट सांगावं.

पगाराची स्लिप कोणी बघायची? सगळ्यांसमोर तर नक्कीच नाही. दोन व्यक्ती पुरेत: खजिनदार आणि शक्यतो बाहेरचा लेखापाल. सर्वसाधारण सभेला फक्त एकत्रित बेरीज आणि सरासरी कळावी. वीस घरांच्या वस्तीत कोण किती भरतं याचा अंदाज तसाही लागतो, पण अंदाज वेगळा आणि आकडा वेगळा. वर्षातून एकदा तपासणी पुरे. दर तिमाहीला केली तर लोक वैतागतात.

बाहेर पडताना काय मिळतं

लायलॅकमधल्या शेअरचं मूल्य घरांच्या बाजारभावाला बांधलेलं नाही. ते देशातल्या सरासरी वेतनाच्या निर्देशांकासोबत हलतं. कुणी ३०,००० पौंडांचे शेअर साठवले आणि त्या काळात निर्देशांक १८ टक्क्यांनी चढला, तर त्याला ३५,४०० मिळतील. मग बाहेर घरं ४० टक्क्यांनी महागलेली का असेनात. नव्या सभासदालाही त्याच भावाने शेअर मिळतात. एका पिढीला मिळालेली सवलत दुसऱ्या पिढीला विकून खाता येत नाही. मॉडेलचा सर्वांत मजबूत भाग हाच.

किंमतही स्पष्ट आहे. इथून निघून त्याच शहरात खुल्या बाजारात घर घ्यायचं म्हटलं तर सभासद मागे पडलेला असतो. दहा वर्षांनी दुसरीकडे जाण्याचा बेत असलेल्याने हे घर गुंतवणूक समजून घेऊ नये.

इतरत्र वेगळी सूत्रं आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनचा चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट जमीन स्वतःकडे ठेवतो आणि वर उभं असलेलं घर विकतो. मालक घर सोडतो तेव्हा मूल्यवाढीतले २५ टक्के त्याला मिळतात, उरलेली वाढ पुढच्या खरेदीदारासाठी घराची किंमत खाली ठेवते. दोन लाख डॉलरचं मूल्यांकन दोन लाख साठ हजारांवर गेलं तर साठ हजारांतले पंधरा हजार त्याचे. बाजार चढतो तेव्हा हे सूत्र वेतन-निर्देशांकापेक्षा जास्त देऊ शकतं आणि विक्रेत्याला ते समजावणंही सोपं जातं.

डेन्मार्कच्या 'अँडेल' सहकारी घरांकडे बघून एक धडा घ्यावा. तिथे हिश्श्याच्या किमतीवर कायद्याने कमाल मर्यादा आहे, पण इमारतीच्या मूल्यांकनाच्या मान्य पद्धतींपैकी कोणती वापरायची हे ठरवण्याची मुभा सोसायट्यांना होती. २००० नंतरच्या दशकात मालमत्तांचे भाव चढले तसे सभासदांनी वरचा आकडा देणारी पद्धत निवडली, आणि एकेकाळी स्वस्त असलेले हिस्से मधल्या उत्पन्नाच्याही हाताबाहेर गेले. कुलूप होतं, पण किल्ली ज्यांना फायदा होणार त्यांच्याच खिशात. म्हणून मॉडेल तपासताना सूत्र किती छान आहे हे नंतर बघावं. ते बदलायला कोणाची सही लागते, हा प्रश्न आधी विचारावा.

याचं उत्तम उत्तर जर्मनीतल्या मीट्सहाउझर सिंडिकाटने दिलं आहे. फ्रायबुर्गमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या या जाळ्यात प्रत्येक इमारतीसाठी एक मर्यादित कंपनी काढतात आणि तिचे दोनच भागधारक असतात: रहिवाशांचं मंडळ आणि सिंडिकाट. रोजचा कारभार, भाडं, कोणाला घ्यायचं हे सगळं रहिवासी ठरवतात. इमारत विकणं किंवा मूळ नियम बदलणं असेल तरच सिंडिकाटचं मत लागतं, आणि तिथे ते 'नाही' म्हणतं. म्युच्युअल मॉडेल उचलणाऱ्या गटाने असाच एखादा बाहेरचा रखवालदार, जमिनीचा ट्रस्ट किंवा दुसरी सहकारी संस्था, मतदानात आणून बसवावा.

निघणाऱ्याला पैसे कधी मिळतात, ही व्यवहारातली मोठी अडचण. ती रक्कम नव्या सभासदाच्या डिपॉझिटमधून किंवा राखीव निधीतून येणार. दोन-तीन मोठ्या शेअरधारकांनी एकाच वर्षी घर सोडलं तर वीस घरांच्या सोसायटीची दमछाक होते. परतफेडीसाठी बारा महिन्यांपर्यंतची मुदत आणि एका आर्थिक वर्षात परत द्यायच्या रकमेवर कमाल मर्यादा, ही दोन कलमं हवीतच. पहिल्या काही वर्षांत निघणाऱ्याला मूल्यवाढ न देण्याचं कलमही रास्त आहे. नाही तर अल्पकाळासाठी आलेल्यांचा खर्च बाकीच्यांवर पडतो.

दारातला आकडा

मासिक हप्ता उत्पन्नाला बांधला तरी १० टक्के डिपॉझिट ही रक्कम एकदम लागते. साठ हजारांचे शेअर वाट्याला आले तर सहा हजार. ज्याच्याकडे बचत नाही त्याच्यासाठी हा उंबरठा मासिक हप्त्यापेक्षा उंच असतो. लायलॅकच्या मॉडेलमधला सर्वांत कच्चा दुवा हाच.

बार्सिलोनाच्या ला बोर्दा या २८ घरांच्या सहकारी इमारतीत ही अडचण आणखी ठळक दिसते. पालिकेने जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने दिली, कोऑप५७ या सहकारी वित्तसंस्थेने कर्ज दिलं, वापराचा हक्क सभासदाला आणि मालकी सहकारी संस्थेकडे. मासिक रक्कम बाजारातल्या भाड्यापेक्षा कमी. तरी प्रवेशाला प्रत्येक घरामागे १८,५०० युरो लागले. घर सोडताना ते परत मिळतात, पण परत मिळायचे तर आधी असावे लागतात.

सिंडिकाटने हा उंबरठाच काढून टाकला. रहिवाशाने काहीही आणायचं नाही, जाताना काहीही न्यायचं नाही. तो फक्त भाडं भरतो. बँकेला जे स्वभांडवल दाखवावं लागतं ते मित्र, नातेवाईक आणि समर्थकांकडून छोट्या छोट्या थेट कर्जांतून उभं करतात. ही कर्जं बँकेच्या मागच्या रांगेत असतात: इमारत बुडाली तर आधी बँक, उरलं तर हे लोक. हा धोका करारात ठळकपणे लिहावाच लागतो. शिवाय ही कर्जं मुदतीवर परत मागितली जातात, तेव्हा त्यांच्या जागी नवी आणायला एक जिता-जागता कार्यगट लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि कधी संपत नाही. कर्ज फिटत गेलं तसं जुन्या इमारतींनी नव्या प्रकल्पांसाठी ऐक्यनिधीत भर घालायची, ही व्यवस्थाही आहे. वर्गणी महिन्याला प्रति चौरस मीटर १० सेंटपासून सुरू होते आणि दरवर्षी वाढते.

मग काय निवडावं? तरुण, बिनबचतीच्या गटाला जर्मन पद्धत सोयीची. वयाच्या पन्नाशीत आयुष्यभराची बचत घेऊन आलेल्यांना तिथे काहीच साठत नाही याचं दुःख होतं. त्यांना म्युच्युअल मॉडेल बरं. मिश्र गटात मधला मार्ग निघतो. डिपॉझिट दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत घ्यावं, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी सोसायटीला कमी व्याजाने कर्ज देऊन तो खड्डा भरावा. मात्र हे कर्ज सभासदाने सभासदाला थेट देऊ नये. सोसायटीमार्फतच जावं. शेजाऱ्याचं देणं जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं की सहनिवासाची चव जाते.

उरुग्वेच्या परस्पर-श्रम सहकारी संस्थांनी डिपॉझिटची जागा मेहनतीने घेतली. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने दार उघडलं आणि १९७० मध्ये त्यांचा महासंघ, फुक्वाम, उभा राहिला. बांधकामाच्या काळात प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास कामावर येतं आणि ते श्रम भांडवलातला वाटा म्हणून धरले जातात. याला बाहेरून स्वस्त सरकारी कर्ज आणि तांत्रिक सल्लागार संस्था लागतात. नुसत्या उत्साहावर भिंती सरळ येत नाहीत. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या एकट्या आईला २१ तास कुठून आणायचे, हाही प्रश्न आहेच. त्यामुळे बदली कामगार चालतो की नाही हे नियमात हवं.

सर्वांत कमी उत्पन्नासाठी भाड्याचीच घरं

इथे परीक्षणाचा कौल लायलॅकच्या विरोधात जातो. सरासरीवर चालणारी व्यवस्था काही कमी उत्पन्नांना झेलते, पण निवृत्तिवेतनावर किंवा सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांची संख्या वाढली की कोसळते. त्यांच्यासाठी थेट अनुदानित भाड्याची घरं ठेवणं हाच उपाय टिकतो, आणि त्याचे चांगले नमुने आहेत.

लंडनच्या हाय बार्नेटमधला न्यू ग्राउंड हा वयस्क स्त्रियांचा सहनिवास २०१६ मध्ये सुरू झाला. २५ घरांपैकी १७ मालकी तत्त्वावरची, ८ सामाजिक भाड्याची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बाजारापेक्षा कमी भाड्याची. भाड्याच्या घरांची घरमालक हाउसिंग फॉर विमेन ही संस्था, आणि त्यांच्यासाठी ट्यूडर ट्रस्टने पैसे दिले. गटाने काम सुरू केलं १९९८ मध्ये, म्हणजे अठरा वर्षं गेली. एवढा धीर कमी उत्पन्नाच्या माणसाकडे नसतो. वाट बघणं हीसुद्धा चैन आहे. या मांडणीत जपायची गोष्ट एकच: भाडेकरू कोण निवडणार? घरमालक संस्थेच्या किंवा पालिकेच्या यादीतून कुणीही आलं आणि त्याला सामायिक जेवण, बैठका नको असतील तर दोन्ही बाजूंना त्रास. 'आधी गटाचं सभासदत्व, मग भाडेपट्टा' हे करारात बसवून घ्यावं, आणि ते जमीन ताब्यात येण्यापूर्वी. नंतर कुणी ऐकत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये ट्रॉय गार्डन्स इथे ३० घरं आहेत. त्यातली २० परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, त्या आकड्याच्या) ८० टक्क्यांहून कमी कमावणाऱ्यांसाठी, १० बाजारभावाची. जमीन एका भूमी ट्रस्टची. झुरिकच्या हुनत्सिकर आरिआलवर 'मेअर आल्स वोनेन' या सहकारी संस्थेने पाचव्या हिश्श्याइतकी घरं अनुदानित ठेवली. तिथे भाडं खर्चावर ठरतं, बाजारावर नाही. शिवाय खोल्यांच्या संख्येनुसार किमान किती माणसं राहायला हवीत याचा नियम आहे. हा नियम लोकांना आवडत नाही. पण मुलं बाहेर पडल्यावर चार खोल्यांत एकटं राहणाऱ्याचा भार बाकीच्यांनी का उचलावा? ३५ टक्क्यांच्या मॉडेलमध्ये असा नियम तर फारच हवा, कारण तिथे मोठं घर धरून बसल्याने हप्ता वाढत नाही.

डेन्मार्कमध्ये कोगेजवळचं टिंगगॉर्डन १९७८ मध्ये पूर्णपणे सामाजिक भाड्याचंच बांधलं गेलं. सहनिवास म्हणजे मालकी, हे समीकरण मुळात आवश्यक नाही.

बांधतानाच ठरणारी किंमत

कोणतंही सूत्र महागडी इमारत स्वस्त करत नाही. सामायिक घराचा खर्च प्रत्येक कुटुंबाच्या माथी येतो, म्हणून त्याच्या बदल्यात खाजगी घर लहान झालंच पाहिजे. स्टॉकहोमच्या फेर्डक्नेपेन या भाड्याच्या सामूहिक घरात प्रत्येक फ्लॅट नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी आटोपशीर ठेवून सामायिक स्वयंपाकघर आणि बाकीच्या खोल्यांची जागा काढली. पुष्कळ गट उलटं करतात: फ्लॅट पूर्ण आकाराचे आणि वर सामायिक घर. मग 'परवडत नाही' म्हणून हळहळ.

पाहुण्यांची खोली आणि धुलाईयंत्रं सामायिक केली की प्रत्येक घरातली एक खोली आणि नळजोडणीचा खर्च वाचतो. वाहनतळ हा दुसरा मोठा आकडा. लायलॅकमध्ये वीस घरांमागे दहाच गाड्यांची जागा आहे. ला बोर्दाने तळघरातला वाहनतळ वगळण्याची परवानगी मिळवली आणि खोदकामाचा खर्च वाचवला. ही परवानगी आराखडा मंजुरीच्या आधी मागावी लागते.

पेंढ्याच्या पॅनलबद्दल एवढंच: गरम करण्याचं बिल कमी येतं आणि कमी उत्पन्नाच्या घराला त्याचा खरा फायदा होतो. पण नवं तंत्र म्हणजे कंत्राटदार मोजके आणि विमा व बँक दोन्ही साशंक. अनुदान नसताना हा हट्ट धरू नये.

सरसकट वर्गणीचा काटा

मुख्य हप्ता प्रमाणात आणि बाकी सगळं सरसकट, ही चूक सर्रास दिसते. सामायिक जेवणाची वर्गणी, बागेचा निधी, छपराची अचानक निघालेली दुरुस्ती, सहल: प्रत्येक रक्कम छोटी, पण आधीच्या उदाहरणातल्या १,६०० वाल्या घरात ती बोचते. मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी पहिल्या महिन्यापासून कापावा आणि अचानक होणारी वसुली टाळावी. जेवणाचा दर दोन-तीन पातळ्यांत ठेवावा आणि कोणती पातळी निवडायची हे ज्याचं त्याने ठरवावं, विचारपूस न करता.

श्रमदानाचंही तसंच. 'तास नाहीत तर पैसे भरा' हा नियम केला की पैसेवाले पैसे भरतात आणि भांडी बाकीचे घासतात. पैशाचा पर्याय नकोच; त्याऐवजी कामांचे प्रकार वाढवावेत, म्हणजे हिशेब लिहिणं, मुलांना सांभाळणं, रात्री दार बंद करणं, ज्याला जे जमेल ते. बैठका फक्त कामाच्या दिवशी संध्याकाळी घेतल्या तर पाळीवर जाणारे कायम गैरहजर राहतात आणि ठराव त्यांच्याविना होत जातात.

सही करण्याआधी

अशा एखाद्या प्रकल्पात जायचा विचार असेल तर सोसायटीकडे चार कागद मागावेत: गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद, सध्याच्या सभासदांच्या उत्पन्नाची सरासरी आणि त्यासमोर लागणारी किमान सरासरी, कर्जाचा दर कधी बदलणार याची तारीख, आणि शेवटच्या दोन निघालेल्या सभासदांना पैसे किती दिवसांत मिळाले याची नोंद, नावं न घेता. सरासरी आणि किमान यांतलं अंतर पाच टक्क्यांहून कमी असेल तर सोसायटी काठावर आहे असं समजावं. आपलं उत्पन्न पुढच्या दोन वर्षांत घटण्याची शक्यता असेल, मूल होणार असेल, निवृत्ती जवळ असेल, तर तेही त्यांना आत्ताच सांगावं आणि त्या घटलेल्या उत्पन्नावरचा हप्ता लेखी काढून घ्यावा. हा आकडा द्यायला सोसायटी कचरली तर घाई करू नये.